‘फातिमा’ नावाच्या प्रसिद्ध स्त्रियांची सूची करायची आहे? नवख्यांसाठी पायऱ्या

कॉलेजच्या वार्षिकांकासाठी, वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी किंवा एखाद्या कोशासाठी ‘एका नावाच्या प्रसिद्ध व्यक्ती’ अशी नोंद करायला घेतली की पहिला तास फार मजेत जातो. नाव शोधलं, दहा-बारा माणसं सापडली, जन्म-मृत्यूची सालं टाकली, झालं. पण नाव अरबी असेल तर दुसऱ्या तासाला गाडी अडते. एकच बाई तीन स्पेलिंगांनी तीनदा येते. वडिलांचं नाव आडनाव म्हणून छापलेलं असतं. हिजरी साल इसवी सन समजून बसवलेलं असतं. आणि ज्या बाईविषयी सगळ्यात जास्त लिहिलेलं असतं, तिच्याविषयीच पुरावा सगळ्यात कमी निघतो.

‘फातिमा’ या नावाची अशी नोंद मी केली आहे. हे नाव मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत पसरलेलं आहे, पुण्याच्या शिक्षणाच्या इतिहासात आहे आणि गोव्याच्या चर्चमध्येही आहे. त्यामुळे या कामातल्या बहुतेक अडचणी या एकाच नावात भेटतात. आयेशा, खदिजा, झैनब, मरियम यांपैकी कुठलंही नाव घेतलंत तरी याच पायऱ्या उपयोगी पडतील.

आधी हाताशी काय हवं

- एक स्प्रेडशीट किंवा आखीव वही. रकाने असे: प्रचलित नाव, पूर्ण नाव, नावाची इतर रूपं, जन्म, मृत्यू, ठिकाण, काम, आधार, शंका. शेवटचे दोन रकाने कधीही गाळू नका.
- फोनवर उर्दू किंवा अरबी कीबोर्ड. लिपी येत नसली तरी एक नाव अक्षरं ओळखून टाइप करता येतं.
- हिजरी-इसवी तारखा बदलून देणारं कोणतंही साधन.
- ग्रंथालयांच्या सूची पाहण्याची सोय. लेखक असलेल्या स्त्रियांची जन्मसालं आणि नावाची अधिकृत रूपं तिथे सापडतात.
- उर्दू वाचणारी एक ओळखीची व्यक्ती. शेजारच्या उर्दू शाळेतल्या शिक्षिका किंवा मशिदीतले मौलाना दहा मिनिटांत जो खुलासा करतात, तो शोधायला एरवी दिवस जातो.

१. व्युत्पत्ती दोन वाक्यांत आटपा

अरबीत फे-तोय-मीम या धातूचा अर्थ बाळाचं दूध तोडणं असा आहे. त्यावरून फातिमा म्हणजे अंगावरचं दूध तुटलेली. एवढं पुरे. नावांच्या याद्यांत ‘तेजस्वी’, ‘पवित्र’, ‘स्वर्गीय फूल’ असे अर्थ दिलेले दिसतील. ते बहुतेक ‘जहरा’ आणि ‘बतूल’ या पैगंबरांच्या कन्येच्या, म्हणजे पहिल्या फातिमेच्या, उपाध्यांवरून आलेले असतात. उपाधीचा अर्थ नावाला चिकटवू नका.

२. पहिल्या फातिमेची नोंद आधी पूर्ण करा

हे नाव जगभर पसरलं ते एका व्यक्तीमुळे: पैगंबर मुहंमद आणि खदिजा यांची कन्या, हजरत अलींची पत्नी, हसन-हुसेन यांची आई. इसवी सन ६३२ मध्ये, वडिलांनंतर काही महिन्यांतच, मदिनेत त्यांचं निधन झालं. पैगंबरांचा वंश त्यांच्याकडूनच पुढे चालला. म्हणून सय्यद घराणी आपली वंशावळ त्यांच्यापर्यंत नेतात. मोहरमला आपल्याकडे गावोगाव जे पंजे निघतात, त्यांची पाच बोटं पुष्कळदा ‘पंजतन’ म्हणजे मुहंमद, फातिमा, अली, हसन आणि हुसेन यांच्याशी जोडली जातात. उत्तर आफ्रिकेत दारावर लावला जाणारा, गळ्यात घातला जाणारा पंजा तर ‘फातिमाचा हात’ म्हणूनच ओळखला जातो.

इथे दोन गोष्टी सांभाळा. पहिली, जन्मसाल. सुन्नी परंपरेत ते साधारण ६०५ च्या सुमारास धरतात, शिया परंपरेत साधारण ६१५. यातलं एक उचलून दुसरं टाकू नका. दोन्ही द्या आणि कोणतं कोणाचं तेही लिहा. निधनाच्या तिथीबद्दलही असेच मतभेद आहेत. दुसरी गोष्ट, चित्र. नोंदीबरोबर त्यांचं चित्र छापू नका. मुसलमान वाचकांना ते दुखावणारं असतं आणि तशीही अशी सगळी चित्रं काल्पनिकच आहेत. सुलेखनातलं नाव छापलं तर ते शोभूनही दिसतं. मजकुरात ‘हजरत फातिमा’ किंवा ‘बीबी फातिमा’ असा आदरार्थी उल्लेख करा.

३. नावाची सगळी रूपं एका कागदावर लिहून काढा

शोधाला लागण्याआधी ही यादी करून ठेवा, म्हणजे पुढचे कष्ट निम्मे होतात.

- अरबी, उर्दू: फातिमा. हिंदीत ‘फ’खाली नुक्ता असतो, मराठीत नसतो. दोन्ही प्रकारे शोधा.
- फारसी: फातेमे.
- तुर्की: फात्मा.
- दाऊदी बोहरा कुटुंबांत: फातेमा.
- मल्याळम: फातिमा, आणि घरगुती रूप पात्तुम्मा.
- पश्चिम आफ्रिका: फातूमाता आणि त्याचं छोटं रूप फातू.
- मलेशिया, इंडोनेशिया: फातिमाह. पुढे ‘सिती’ असेल तर तो मान देणारा शब्द आहे.

ही यादी नसेल तर काय होतं ते पाहा. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या मुख्य अभियोक्ता म्हणून २०१२ ते २०२१ काम पाहिलेल्या गांबियाच्या फातू बेनसूदा तुमच्या सूचीत येणारच नाहीत. २०१६ मध्ये फिफाच्या पहिल्या महिला महासचिव झालेल्या सेनेगलच्या फात्मा सामूरा निसटतील. आणि तुर्कस्तानच्या ५० लिरांच्या नोटेवर २००९ पासून जिचा चेहरा आहे, ती कादंबरीकार फात्मा आलिये (१८६२–१९३६) सुद्धा.

उर्दूत टाइप करताना नेहमीची चूक एकच होते. मधला ‘त’ साध्या ‘ते’ने लिहिला जातो आणि शोध रिकामा येतो. तो ‘तोय’ने लिहायचा. क्रम असा: फे, अलिफ, तोय, मीम, आणि शेवटी उर्दूत हे, अरबीत गोल ते.

४. नावातला कोणता तुकडा कशाचा, ते सोडवा

आपल्याला नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी सवय असते. जुन्या अरबी नावांत आडनाव नसतं, त्याऐवजी हे तुकडे असतात:

*बिंत* म्हणजे अमक्याची मुलगी. आपल्या जुन्या कागदांत ‘शिवाजी बिन शहाजी’ असं येतं, त्यातल्या ‘बिन’चीच ही बहीण. फातिमा बिंत मुहंमद या पैगंबरांच्या कन्या, तर फातिमा बिंत असद या हजरत अलींच्या आई. ‘बिंत’ गाळलंत की सासू आणि सून एकच होऊन बसतात.

*उम्म* म्हणजे अमक्याची आई.

*निस्बा* म्हणजे गाव, टोळी किंवा घराणं सांगणारा शेवटचा शब्द: समरकंदी, फिहरी, कुरेशी. कधी अकारविल्हे लावायची वेळ आलीच तर त्याच्या आधीचं ‘अल’ मोजायचं नाही, नाहीतर अर्ध्या नोंदी ‘अ’खाली जमा होतात.

*लकब* म्हणजे उपाधी. इराणमधल्या कोम शहरात जिच्या दर्ग्याला लाखो लोक जातात, ती शियांचे इमाम रझा यांची बहीण फातिमा बिंत मूसा. पण लोक तिला ‘मासूमा’ म्हणतात. मूळ नाव माहीत नसेल तर ती या सूचीत शोधूनही सापडत नाही.

अलीकडच्या काळातही सावध राहा. तुर्कस्तानात आडनावाचा कायदा १९३४ मध्ये आला, त्यामुळे फात्मा आलियेंच्या नावापुढचं ‘तोपूझ’ आयुष्याच्या अगदी शेवटी लागलं. त्यांची पुस्तकं त्या नावानं शोधू नका. केरळच्या एम. फातिमा बीवी यांचं ‘बीवी’ हे आडनाव नव्हे, तो आदराचा शब्द आहे. त्यांना ‘बीवी, फातिमा’ असं उलटं लावलेलं मी छापील सूचीत पाहिलं आहे.

५. सन तपासा, अंदाजानं लिहू नका

जुन्या नोंदींत साल हिजरी असतं. आपल्या पंचांगातले महिनेही चांद्रच, पण अधिक महिना टाकून आपण ते ऋतूंशी जुळवून घेतो. हिजरीत अधिक महिना नाही. म्हणून ते वर्ष दरवेळी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं आणि नुसते ६२२ मिळवून इसवी सन निघत नाही.

ढोबळ हिशेब असा: हिजरी सनाला ०.९७ नं गुणा आणि ६२२ मिळवा. कोमच्या मासूमांचं निधन हिजरी २०१ मधलं. २०१ × ०.९७ = १९४.९७, त्यात ६२२ मिळवले की ८१६.९७, म्हणजे साल ८१६. उत्तर वर्षाच्या टोकाला आलं तर साधन वापरून महिना पाहा. महिना माहीत नसेल तर ‘८१६–१७’ असं जोडसाल लिहिणंच प्रामाणिक.

मराठी कागद पाहत असाल तर आणखी एक खड्डा आहे. शिवकालीन आणि पेशवाईतल्या कागदांवर अरबी आकडेशब्दांत लिहिलेला सन असतो. तो हिजरी असेलच असं नाही, बहुतेकदा सुहूर सन असतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे असतात. दोन्ही सन एकाच मापानं मोजलेत तर नोंद कित्येक वर्षांनी हलेल.

६. आधार किती पक्का, हे प्रत्येक नोंदीपुढे लिहा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. सूचीची किंमत इथे ठरते. दोन उदाहरणं सविस्तर देतो.

*फेझची फातिमा अल-फिहरी.* मोरोक्कोतल्या फेझ शहरात अल-करावियिन ही मशीद आणि विद्यापीठ आहे. ट्युनिशियातल्या कैरवानहून आलेल्या व्यापाऱ्याची ही मुलगी. वारशाचा पैसा लावून तिनं ८५९ मध्ये ही मशीद बांधली, बांधकाम चालू असेपर्यंत रोजे धरले, आणि तिच्या बहिणीनं, मरियमनं, शहरात दुसरी मशीद उभारली, अशी कथा आहे. ‘जगातलं पहिलं विद्यापीठ एका मुस्लिम स्त्रीनं काढलं’ हे वाक्य त्यावरूनच सगळीकडे फिरतं.

आता आधार पाहा. ही कथा सांगणारा जुना लेखक इब्न अबी झर हा चौदाव्या शतकातला. म्हणजे घटना आणि लेखन यांत साडेचारशेहून अधिक वर्षांचं अंतर. दुसरीकडे, विसाव्या शतकात दुरुस्तीच्या वेळी मशिदीत गिलाव्याखाली झाकलेली एक कोरीव लाकडी पट्टी सापडली. तिच्यावरच्या कुफी या जुन्या अरबी लिपीतल्या लेखात बांधकामाचं साल हिजरी २६३, म्हणजे ८७७, आणि बांधणाऱ्याचं नाव दाऊद बिन इद्रिस असं आहे. म्हणून काही इतिहासकार फातिमेची कथा जशीच्या तशी मानत नाहीत. शिवाय तिथे शतकानुशतकं मशिदीतली पाठशाळा चालत होती, आधुनिक विद्यापीठाचं रूप तिला १९६० च्या दशकात आलं.

मग काय करायचं? तिला सूचीतून काढू नका. फेझच्या लोकांनी शतकानुशतकं जपलेलं नाव आहे ते. ‘परंपरेनुसार अल-करावियिनची संस्थापक (८५९)’ असं लिहा, शंकेच्या रकान्यात लाकडी पट्टीची माहिती द्या. जन्मसाल देऊ नका. आणि तिचं म्हणून जे चित्र फिरतं ते मुळीच छापू नका, कारण तिचं समकालीन चित्र अस्तित्वात नाही.

*पुण्याची फातिमा.* सावित्रीबाई फुले यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी माहेरहून, नायगावहून, जोतिरावांना पत्र लिहिलं. आजारपणामुळे त्या भावाकडे राहिल्या होत्या. आपण नसल्यानं फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा उल्लेख त्या पत्रात येतो. एवढ्या एका ओळीतून खूप कळतं. पुण्यात सावित्रीबाईंच्या कामाचा भार वाहणारी, त्यांचा पूर्ण विश्वास असलेली फातिमा नावाची सहकारी १८५६ मध्ये होती.

पत्रात नाव नुसतं ‘फातिमा’ असं आहे. ‘शेख’ हे आडनाव, उस्मान शेख यांच्याशी असलेलं नातं, ९ जानेवारी १८३१ ही जन्मतारीख, पहिली मुस्लिम शिक्षिका हा किताब, हे सगळं तुम्हाला हजार ठिकाणी एकाच शब्दांत मिळेल. शब्द एकच असले की समजायचं, एकानं दुसऱ्याचं उतरवून घेतलं आहे. प्रत्येक गोष्टीचा आधार वेगळा तपासा. कागद हाती येईपर्यंत नोंदीत पत्राचा मजकूर ठाम लिहा आणि बाकीचं ‘प्रचलित माहिती’ म्हणून वेगळं ठेवा. ही फातिमा काल्पनिक होती, असंही कुणी सांगेल. त्यांना पत्राची तारीख दाखवा. तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच तिच्या नावावर बिनआधाराची तारीख चढवलेली मला चालत नाही.

७. गोव्याच्या आणि वसईच्या फातिमांना वेगळा परिच्छेद द्या

सूची करताना फातिमा नावाच्या ख्रिस्ती स्त्रिया सापडतील. ती चूक नाही. पोर्तुगालमध्ये फातिमा नावाचं गाव आहे. तिथे १३ मे ते १३ ऑक्टोबर १९१७ या काळात लुसिया, फ्रान्सिस्को आणि जासिंता या तीन मेंढपाळ मुलांना मरियामातेचं दर्शन झालं, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. तेव्हापासून ‘फातिमा माता’, गोव्यात ‘फातिमा सायबीण’, घराघरांत पोचली आणि मुलींना हे नाव ठेवलं जाऊ लागलं. १३ मे हा तिच्या सणाचा दिवस.

गावाचं नाव मात्र अरबीच, इबेरियातल्या, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या भागातल्या, मुस्लिम राजवटीच्या काळाची खूण. एका मूर राजकन्येची कथा त्यासाठी सांगितली जाते, ती दंतकथा म्हणूनच द्या. आडनाव फर्नांडिस किंवा डिसोझा आहे म्हणून कुणाला गाळू नका, आणि फातिमा आहे म्हणून कुणाचा धर्म गृहीत धरू नका.

८. राजघराणं आणि माणसं एकत्र करू नका

‘फातिमी’ किंवा ‘फातिमिद’ शब्द दिसला की ती व्यक्ती नाही. हे घराणं ९०९ ते ११७१ या काळात आधी उत्तर आफ्रिकेत आणि मग इजिप्तमध्ये राज्य करत होतं. कैरो शहर आणि अल-अजहर मशीद ही त्यांचीच. फातिमेचे वंशज असल्याचा दावा ते करत, म्हणून हे नाव. मुंबईच्या दाऊदी बोहरा समाजाची परंपरा याच फातिमी इमामांकडे जाते आणि कैरोतल्या अल-हाकिम मशिदीचा जीर्णोद्धार बोहरांनीच केला. सूचीच्या शेवटी ‘हेही पाहा’ म्हणून एक ओळ पुरते.

९. कोणाला घ्यायचं ते ठरवा

नुसतं नाव फातिमा असणं पुरेसं नाही. स्वतःच्या कामानं ओळखली गेलेली बाई हवी. राजांच्या बायका आणि मुली यादीत चटकन भरतात आणि काम केलेल्या बायका मागे राहतात, म्हणून हा नियम मी कडक पाळतो. तुम्हाला सुरुवात करायला काही नावं:

बाराव्या शतकातल्या फातिमा समरकंदी या हनफी पंथाच्या इस्लामी कायद्याच्या पंडिता. वडिलांच्या ग्रंथावर शिष्य कासानीनं भाष्य लिहिलं, तेच मेहेर, म्हणजे नवऱ्यानं वधूला द्यायचं धन, मानून वडिलांनी दोघांचं लग्न लावलं. त्या घरातून निघणाऱ्या फतव्यांवर आधी बाप-लेकीची सही असे, लग्नानंतर नवऱ्याचीही, असं चरित्रकार सांगतात. पुढे हे जोडपं अलेप्पोत राहिलं. या एका नोंदीवर वाटेल तेवढा वेळ खर्च करा.

मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मेर्निसी (१९४०–२०१५). दक्षिण आफ्रिकेतल्या दर्बानच्या फातिमा मीर (१९२८–२०१०), वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या आणि नेल्सन मंडेलांचं चरित्र लिहिलेल्या. फातिमा जिना (१८९३–१९६७) यांच्या नोंदीत पाकिस्तानातली १९६५ ची अयुब खानांविरुद्धची निवडणूक येतेच, पण त्या दंतवैद्य होत्या आणि १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत दवाखाना उघडला होता, हे मराठी वाचकासाठी जरूर लिहा. मुंबईच्याच फात्मा बेगम यांनी १९२६ मध्ये ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. ‘आलम आरा’ची नायिका झुबेदा ही त्यांची मुलगी. ‘फातिमा बेगम’ हे नाव खूप जणींचं असल्यामुळे त्यांच्यापुढे कंसात ‘चित्रपट’ लिहायला विसरू नका.

१०. नोंद लिहा

कालक्रमानं लावा, अकारविल्हे नको. एवढ्या सारख्या नावांत अकारविल्ह्याचा वाचकाला काही उपयोग होत नाही. प्रत्येक नोंद तीन-चार ओळींची. नमुना असा:

*एम. फातिमा बीवी* (३० एप्रिल १९२७ – २३ नोव्हेंबर २०२३). जन्म पत्तनंतिट्टा, केरळ. भारताच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश (१९८९–१९९२). तमिळनाडूच्या राज्यपाल (१९९७–२००१). २०२४ मध्ये मरणोत्तर पद्मभूषण. आधार: न्यायालयाच्या आणि सरकारच्या नोंदी. शंका: नाही.

हयात व्यक्तीची नोंद असेल तर पदाच्या पुढे ‘सध्या’ लिहू नका, साल लिहा. ‘सध्या’ दुसऱ्या वर्षी खोटं ठरतं. छापायला देण्याआधी रूपांची यादी घेऊन बसा आणि प्रत्येक रूपानं एकदा पुन्हा शोधा. फातू आणि फात्मा या दोन रूपांनी शेवटच्या फेरीतही नवी नावं मिळतात. मग उर्दू वाचणाऱ्या ओळखीच्या व्यक्तीला कागद दाखवा, उच्चार दुरुस्त करून घ्या, आणि मदतीबद्दल त्यांचं नाव छापायचं का, हे त्यांनाच विचारा.